हत्ती म्हणाल तर, नाक लांब

जपानी शिकायला बसलं की पहिल्या-दुसऱ्या तासालाच फळ्यावर एक वाक्य येतं. 'वाताशि वा जोशी देसु.' वाताशि म्हणजे मी, जोशी म्हणजे जोशी, देसु म्हणजे आहे. मग मधला 'वा' कशाला? बहुतेक पुस्तकं सांगतात, 'वा' हा कर्त्याला लागणारा प्रत्यय. आपण वहीत लिहून घेतो, वा = कर्ता, आणि खूश होतो. चार धडे पुढे गेलं की 'गा' नावाचा आणखी एक येतो, आणि पुस्तक पुन्हा म्हणतं, हाही कर्त्याला लागतो. त्यानंतर एक वाक्य येतं, ज्यात दोघेही असतात. 'झोओ वा हाना गा नागाइ.' झोओ म्हणजे हत्ती, हाना म्हणजे नाक, नागाइ म्हणजे लांब. आता कर्ता कोण, हत्ती का नाक?

इथे निम्मा वर्ग 'हे असंच असतं' म्हणून पाठांतराला लागतो, आणि ते पाठांतर पुढे कामात दगा देतं. मुंबई आणि पुण्याच्या मधे, पनवेलसारख्या गावात राहणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींत जपानी शिकणारे बरेच सापडतात, कारण उघड आहे. क्लायंट जपानी असतो, स्पेसिफिकेशन जपानी असतं, आणि पगारात भाषेचा भत्ता असला तर तोही वाईट नाही. शनिवारी एक्स्प्रेसवेने पुणे गाठून क्लास करणारेही आहेत. त्या सगळ्यांना 'वा' नडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी माणसाला 'वा' नडायचं काही कारण नव्हतं. नडतो, कारण आपण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी व्याकरणातून शिकतो. आणि ही गोष्ट चारशे वर्षं जुनी आहे. तिची सुरुवात जपानमध्ये नाही, गोव्यात होते.

पनवेलच्या लोकांना पोर्तुगीज तसे परके नाहीत. आपला कर्नाळाही काही काळ त्यांच्याकडे होता, चौल आणि वसई तर पक्की त्यांची. त्यांची राजधानी गोवा. १५४७ साली फ्रान्सिस झेवियरला मलाक्केत आंजिरो नावाचा एक जपानी माणूस भेटला. कागोशिमाचा हा गडी, हातून खून झाला म्हणून देश सोडून पळालेला. झेवियरने त्याला गोव्यात आणलं, १५४८ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि तो सेंट पॉल कॉलेजात पोर्तुगीज शिकला. (झेवियरने त्याला विचारलं होतं, तुम्ही आमच्यासारखं आडवं का लिहीत नाही? त्यावर आंजिरो म्हणाला, माणसाचं डोकं वर नि पाय खाली असतात, मग अक्षरं वरून खाली नकोत का? उत्तर बिनतोड आहे.) पुढच्या वर्षी दोघे जपानला गेले. त्यानंतर जेझुइट पाद्री जपानला जात राहिले ते बहुतेक गोव्यावरूनच. एवढंच कशाला, जपानातला पहिला पाश्चात्त्य छापखानासुद्धा गोव्यावरून गेला. जपानहून युरोपला गेलेली चार तरुण पोरांची शिष्टमंडळी परतताना गोव्यात थांबली होती, त्यातल्या हारा मार्तिन्होचं लॅटिन भाषण १५८८ साली गोव्यातच छापलं गेलं. हा छापखाना १५९० मध्ये जपानला पोचला.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्युआंव रॉड्रिग्ज नावाचा एक पोर्तुगीज पोरगा साधारण १५७७ च्या सुमारास जपानला पोचला, तिथेच वाढला, जेझुइट झाला. जपानी इतकी छान बोलायला लागला की हिदेयोशी आणि इएयासु या दोन्ही सत्ताधीशांसमोर दुभाष्या म्हणून उभा राहायचा. 'दुभाष्या' हेच त्याचं टोपणनाव पडलं. त्याने जपानी भाषेचं मोठं व्याकरण लिहिलं आणि ते १६०४ ते १६०८ या काळात नागासाकीत छापलं गेलं. पुस्तकाचं नाव 'आर्ते दा लिंगोआ दे इयापाम', म्हणजे जपानच्या भाषेची कला. आणि इकडे गोव्यात? इंग्लंडहून १५७९ साली आलेला थॉमस स्टीफन्स, आपला क्रिस्तपुराणवाला फादर स्टीफन्स, कोकणीचं व्याकरण लिहीत होता. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरला छापलं गेलं. भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण. नाव काय? 'आर्ते दा लिंगोआ कानारीं'. नावं बघा. एकाच संघाचे दोन पाद्री, एकाच साच्याची दोन पुस्तकं.

साचा लॅटिनचा होता. युरोपात व्याकरण म्हणजेच लॅटिन व्याकरण, आणि लॅटिनमध्ये नामाच्या सहा विभक्त्या. त्यामुळे जगातल्या कुठल्याही भाषेसमोर बसलं की पहिला प्रश्न, हिच्या सहा विभक्त्या कुठल्या? कोकणी त्यात बऱ्यापैकी बसते, शेवटी संस्कृत, लॅटिन एकाच घराण्यातल्या. जपानीचा काही संबंध नाही. पण रॉड्रिग्जने तिलाही बसवलं. 'नो' म्हणजे षष्ठी, 'नि' म्हणजे चतुर्थी, 'ओ' म्हणजे द्वितीया. इथपर्यंत ठीक. 'वा' आला तेव्हा पंचाईत झाली. त्याला प्रथमेच्या घरात टाकलं, पण तो तिथे एकटा नव्हता, 'गा' तिथेच होता. शिवाय 'वा' नुसत्या प्रथमेत राहीना, कर्माच्या जागीही उगवायचा. रॉड्रिग्ज हुशार होता, त्याला हे दिसत होतं आणि त्याने ते नोंदवलंही. कोष्टक मात्र मोडलं नाही.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडेही तेच झालं, फक्त साचा संस्कृतचा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली आलं. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात आणि त्यांचं काम मोठंच आहे. पण शाळेत आपण जे घोकलं ते आठवा. द्वितीया : स, ला, ते, स, ला, ना, ते. चतुर्थी : स, ला, ते, स, ला, ना, ते. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या! कुठलाही प्रोग्रॅमर हे बघून म्हणेल की हा डुप्लिकेट कोड आहे, एक ओळ काढा. पण संस्कृतात आठ विभक्त्या म्हणून मराठीतही आठ घरं भरायची. मो. के. दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. त्याच्या आधीपासून आणि नंतरही पंडितांचे यावर कडाक्याचे वाद झाले, पण शाळेतलं कोष्टक ढिम्म हललं नाही. त्याच कोष्टकाच्या संस्कारात वाढलेले आपण जपानीच्या वर्गात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, 'वा' कुठली विभक्ती?

जपानी लोकांनी स्वतः मात्र हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला होता, आणि तोही बराच आधी. त्यांच्याकडे जुन्या काळी चिनी ग्रंथ वाचायचे. चिनीत हे प्रत्यय नाहीतच, त्यामुळे जपानीत वाचता यावं म्हणून चिनी अक्षराच्या भोवती बारीक ठिपके द्यायचे. अमुक कोपऱ्यात ठिपका असला तर 'ते' जोडून वाचा, अमुक ठिकाणी 'नि', तमुक ठिकाणी 'ओ'. एका पद्धतीत चार कोपऱ्यांतले ठिपके ओळीने वाचले की 'ते-नि-ओ-हा' होतं. म्हणून या सगळ्या चिल्लर शब्दांचं नावच पडलं 'तेनिओहा'.

(शेवटचा 'हा' म्हणजेच आपला 'वा'. लिहिताना अक्षर 'हा'चं, उच्चार 'वा'. पूर्वी शब्दाच्या मधे आलेला तो आवाज हळूहळू बदलत 'वा' झाला. रॉड्रिग्जच्या काळी 'वा'च म्हणायचे, कारण पाद्र्यांनी रोमन लिपीत तो तसाच लिहून ठेवलाय. १९४६ साली जपानने शुद्धलेखन उच्चाराप्रमाणे केलं, तेव्हाही हा 'हा' जुन्या रूपात ठेवला. आपण उलट केलं. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी जो प्रसिद्ध मराठी शिलालेख आहे, त्यात 'चावुण्डराजें' असा शब्द आहे, चावुंडराजाने करवलं या अर्थी. तिथला तो 'एं', म्हणजे आपली तृतीया, अनुस्वारासकट दगडात कोरलेली. 'त्यानें' वरचा तो टिंब आपण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी पुसून टाकला. मला विचाराल तर बरं केलं, पण जपानी विद्यार्थ्यांना 'हा'चा 'वा' वाचताना होणारा त्रास बघून उगाच हसू नये.)

तर अठराव्या शतकात मात्सुसाका गावात मोतोओरी नोरिनागा नावाचे एक वैद्य होते. दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेला वेळ जुन्या जपानी ग्रंथांत. त्यांनी १७७१ मध्ये तेनिओहांचा एक तक्ता छापला. त्यांनी विभक्ती मोजलीच नाही. त्यांनी बघितलं की वाक्यात अमुक तेनिओहा आला की शेवटच्या क्रियापदाचं रूप बदलतं. 'कोसो' आला की एक रूप, 'झो' आला की दुसरं, 'वा' किंवा 'मो' आला की साधं रूप. म्हणजे हा शब्द शेजारच्या नामाला चिकटलेला दिसतो, पण त्याची दोरी थेट वाक्याच्या शेवटाला बांधलेली असते. त्याचं नातं अख्ख्या वाक्याशी आहे. हे निरीक्षण मला जबरदस्त वाटतं. बाकी सगळे कोष्टक भरत होते आणि हा माणूस डेटा बघत होता.

पुढे मेइजी काळात पाश्चात्त्य पद्धतीची व्याकरणं आली, शाळांत 'कर्ता' आला, आणि 'वा' पुन्हा कर्त्याच्या खुर्चीत जाऊन बसला. यामादा योशिओ यांनी १९०८ मध्ये नोरिनागांचा धागा उचलून 'वा' आणि 'मो' यांना विभक्तीच्या प्रत्ययांपासून स्पष्ट वेगळं काढलं. पण सगळ्यात खणखणीत बोलला तो मिकामि आकिरा. याचं शिक्षण वास्तुशास्त्राचं, नोकरी शाळेत गणित शिकवण्याची, आणि रिकाम्या वेळात व्याकरण. (वीकेंडला लिहिणाऱ्या आम्हा लोकांचा दैवत म्हणायला हरकत नाही :-)) १९६० साली त्याचं पुस्तक आलं, आणि त्याचं नावच 'झोओ वा हाना गा नागाइ'. हत्ती, नाक, लांब. त्याचं म्हणणं, जपानीला 'कर्ता' ही भानगडच नको. 'वा' फक्त विषय मांडतो.

विषय मांडतो म्हणजे काय, हे समजायला मराठी माणसाला पुस्तकाची गरज नाही. आपला सरकारी अर्ज आठवा. वर 'प्रति', त्याखाली 'विषय : रजा मिळण्याबाबत'. 'विषय' या ओळीत ना कर्ता असतो ना क्रियापद. ती एकदा लिहिली की खालच्या तीन परिच्छेदांत पुन्हा सांगावं लागत नाही. 'वा' म्हणजे ती ओळ. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर एका फोल्डरमध्ये शिरणं. एकदा शिरलात की पुढच्या सगळ्या कमांड तिथेच चालतात, बाहेर पडेपर्यंत. मिकामिनेही नेमकं हेच दाखवलं की 'वा'चा अंमल पूर्णविराम ओलांडून पुढच्या वाक्यांवरही चालतो. चौथीतल्या पोराचा निबंध बघा. 'हत्ती. नाक लांब. कान सुपाएवढे. डोळे बारीक.' पहिल्या शब्दानंतर हत्तीचं नावही नाही, पण नाक कोणाचं हा प्रश्न पडत नाही.

म्हणून हत्तीच्या वाक्याचं खरं मराठी 'हत्तीचं नाक लांब असतं' हे नाही. 'हत्ती म्हणाल तर, नाक लांब' हे आहे. त्याच चालीवर, 'पनवेल वा आमे गा ओओइ'. आमे म्हणजे पाऊस, ओओइ म्हणजे फार. 'पनवेल म्हणाल तर, पाऊस फार.' जुलैत गाढी नदी बघितलेल्या माणसाला हे वाक्य कळायला अडचण येऊ नये.

'म्हणाल तर', 'म्हणजे', 'तर', किंवा नुसतं वाक्याच्या तोंडाशी ठेवून घेतलेला छोटा श्वास, हे सगळे आपले 'वा' आहेत. 'गा' मात्र 'कोण?' किंवा 'काय?' याचं उत्तर देतो. 'वाताशि वा जोशी देसु' म्हणजे 'मी जोशी'. 'वाताशि गा जोशी देसु' म्हणजे 'जोशी म्हणजे मीच' किंवा 'मी आहे जोशी', तुमच्यापैकी जोशी कोण असं कुणी विचारल्यावरचं उत्तर. म्हणूनच जपानीत 'कोण'ला कधी 'वा' लागत नाही. जे अजून माहीतच नाही त्याचा विषय कसा करणार? आपणही 'कोण म्हणाल तर, आलं?' असं विचारत नाही.

आता जपानी व्याकरणातलं ते गाजलेलं ईल माशाचं वाक्य घ्या. 'बोकु वा उनागि दा.' शब्दशः 'मी ईल आहे'. हॉटेलात ऑर्डर देताना जपानी माणूस हे बिनधास्त म्हणतो. ओकुत्सु केइइचिरो यांनी १९७८ मध्ये या एका वाक्याच्या व्याकरणावर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य विनोदी वाटतं. पनवेलच्या कुठल्याही हॉटेलात सकाळी जाऊन बसा. पोऱ्या ताट घेऊन विचारतो, 'मिसळ कोण?' आणि चांगला पदवीधर माणूस हात वर करून सांगतो, 'मिसळ मी! हा वडा उसळ.' इथे कुणीच हसत नाही.

आणखी एक ठिकाण आहे जिथे मराठी आपल्याला फुकटात पुढे नेते, ते कुणी वर्गात सांगत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. 'मला पनवेल आवडतं.' जपानीत 'वाताशि वा पनवेल गा सुकि देसु'. आवडणाऱ्या गोष्टीला 'गा' का, 'ओ' का नाही, यावर इंग्रजीवाले डोकं आपटतात, कारण त्यांच्या मते पनवेल हे कर्म. पण मराठीत 'आवडतं' हे क्रियापद पनवेलच्या मागे जातं. पनवेल आवडतं, मिसळ आवडते, वडे आवडतात. आवडणारी वस्तू प्रथमेत, आणि 'मला' बाजूला उभा. तसंच 'मला जपानी येतं' आणि 'वाताशि वा निहोन्गो गा देकिमासु'. हा 'देकिरु' मुळात 'बाहेर येणे' या जुन्या क्रियापदापासून आला, अजूनही 'निघणे' आणि 'येणे' या दोन चिन्हांनी लिहितात. आपल्यालाही भाषा 'येते', त्यांनाही येते. दोन्हीकडे मी काही करत नाही, भाषाच माझ्याकडे येते. 'समजतं' आणि 'वाकारु' यांचंही तेच. ही यादी मनाशी धरली तर जेएलपीटीच्या खालच्या पातळ्यांमधले 'गा'चे बरेचसे प्रश्न सुटतात.

पण म्हणून 'वा = तर' असं वहीत लिहू नका, नाहीतर पुन्हा कोष्टकच होईल. मराठी 'तर' कधीकधी जोर देतो. 'आज तर कहर झाला' यातला 'तर' म्हणजे 'वा' नव्हे. जुळतो तो तुलनेचा 'तर'. ऑफिसात सगळ्यात जास्त घोळ इथेच होण्यासारखा आहे. समजा क्लायंटला कळवायचंय की टेस्टिंग संपलं. 'तेसुतो गा ओवारिमाशिता' म्हटलं तर सरळ बातमी, टेस्टिंग संपलं. 'तेसुतो वा ओवारिमाशिता' म्हटलं, आणि आधी टेस्टिंगचा विषय चालू नसेल, तर ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं, 'टेस्टिंग तर झालं...' त्या तीन टिंबांसकट. मग पलीकडचा जपानी माणूस शांतपणे विचारतो, बाकी काय राहिलंय? आपल्याला वाटतं, हा संशय का घेतोय? तो संशय घेत नसतो. आपणच एका अक्षरात त्याला सांगितलेलं असतं की काहीतरी राहिलंय. उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या मेलमध्ये 'हे फंक्शन वा ठीक आहे' असं आलं तर पेढे वाटायला जाऊ नका. दुसऱ्या फंक्शनबद्दल तो अजून बोललेला नाही.

शेवटी एक शेजारची गोष्ट. आपल्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात, गागोदे गाव आहे. विनोबा भावे तिथले, जन्म १८९५. जगातल्या भाषांनी नागरी लिपी वापरावी असा त्यांचा आग्रह होता, आणि जपानीचाही त्यात समावेश होता. लोकांना वाटायचं की हे बाकीच्या लिप्या पुसायला निघालेत. त्यावर विनोबा हिंदीत सांगायचे, मला नागरी 'ही' नको, नागरी 'भी' हवी. मराठीत आणायला गेलं की मोठी गंमत होते, कारण हिंदी 'ही' म्हणजे आपला 'च', आणि हिंदी 'भी' म्हणजे आपला 'ही'. नागरीच नको, नागरीही हवी. जपानीत या 'ही'ला म्हणतात 'मो'. 'वाताशि मो', मीही. आणि 'मो' आला की 'वा'ला जागा सोडावी लागते, दोघे एका नामामागे सहसा एकत्र बसत नाहीत. 'गा' आणि 'ओ' यांनाही 'मो' असाच उठवतो, पण त्यांचं काम वेगळं. 'वा' आणि 'मो' हे मात्र सख्खे. 'वा' म्हणतो, याच्यापुरतं बोलू. 'मो' म्हणतो, यालाही आत घ्या. नोरिनागांनी १७७१ च्या त्या तक्त्यात या दोघांना एकाच ओळीत बसवलं होतं.